समीक्षकांनी उचलून धरलेला ट्रिओ ऐकायचा कसा?

प्रश्न : मी कोल्हापुरात तबला शिकतो. विजय अय्यर (पियानो), लिंडा मे हान ओ (डबल बास) आणि टायशॉन सोरी (ड्रम्स) या जॅझ पियानो ट्रिओच्या, म्हणजे तिघांच्या संचाच्या, ‘कम्पॅशन’ या अल्बमची समीक्षकांनी फार वाखाणणी केल्याचे वाचले, म्हणून तो मोबाइलवर अनेकदा ऐकला. तिघांची तयारी जबरदस्त आहे एवढे समजले. पण सगळे ज्याला धाडस म्हणतात ते नेमके कोठे आहे, हे काही केल्या कळले नाही. ही स्तुती कितपत खरी मानावी?

उत्तर : अल्बम पुन्हा ऐका, पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, ही विनंती सर्वांत आधी. डबल बास या खर्जातील मोठ्या तंतुवाद्याची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर तिचा मूळ स्वर सुमारे 41 हर्ट्झवर असतो, आणि मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला इतका खर्ज उमटवताच येत नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो, त्यामुळे बास वाजतो आहे असे वाटत राहते; मात्र बोटाचा आघात कसा होता, स्वर किती लांबवला आणि नेमका कोठे तोडला, हे सगळे हरवते. डग्गा झाकून नुसता उजवा ऐकवला, तर ‘धिं’ आणि ‘तिं’ यांतला फरक कोणाला सांगता येईल? तुमचे नेमके तसे झाले असण्याची शक्यता मोठी आहे. महागड्या यंत्राची गरज नाही, साधे वायरचे इअरफोन पुरतात. फक्त ॲपमधील डेटा वाचवण्याची सोय बंद ठेवावी.

मी तरुणपणी नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ केली, पुढे मुंबईत आणि गोव्यात हॉटेलांमध्ये ट्रिओत पियानो वाजवला आणि आता कोल्हापुरात पियानो व संवादिनी शिकवतो. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाच्या नव्हे, तर वाजवणाऱ्याच्या बाजूचे आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

पियानो, डबल बास आणि ड्रम्स एवढ्या तीन वाद्यांचा संच जॅझमध्ये कित्येक दशके एका ठरलेल्या रीतीने चालत आला. रचना बहुधा बत्तीस मात्राखंडांची, म्हणजे आठ-आठ खंडांचे चार भाग. त्यांतील पहिला, दुसरा आणि चौथा सारखा व तिसरा वेगळा. हे आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि त्यावर पियानोवादक विस्तार करतो. बास दर मात्रेला एक स्वर देत चालत राहतो, ड्रमवादक मोठ्या झांजेवर लय धरून ठेवतो आणि पियानो मोकळा होतो. आपल्याकडे ठेका स्थिर असल्यामुळे गायकाला लांब भटकून समेवर येता येते, त्याच तत्त्वावर ही सोय उभी आहे. अशा ट्रिओत ऐकणाऱ्याचे लक्ष कोठे असावे, याबद्दल संदिग्धता नसते : पियानोवर.

ही रीत मोडणाऱ्या ध्वनिमुद्रणांतील एक अगदी ठळक म्हणजे पियानोवादक बिल इव्हान्स यांच्या ट्रिओचे. 25 जून 1961 च्या रविवारी न्यूयॉर्कमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातील क्लबात त्यांनी दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठकी वाजवल्या व त्या सगळ्या ध्वनिमुद्रित झाल्या. बासवर स्कॉट लाफारो होते आणि ड्रम्सवर पॉल मोशन. तेथे लाफारो मात्रेमागे मात्रा चालत बसत नाहीत. ते पियानोच्या वाक्याला मध्येच उत्तर देतात, कधी त्याच्याही वरच्या सप्तकात जाऊन स्वतःचे वाक्य सुरू करतात, आणि मोशन लय उघडपणे सांगण्याऐवजी तिच्या आजूबाजूने ब्रश फिरवतात. श्रोत्यांचे बोलणे, ग्लासांची किणकिण आणि मधूनच कोणाचे तरी हसणे त्या ध्वनिमुद्रणात स्वच्छ ऐकू येते. इतिहास घडत असताना लोक गप्पा मारत होते, आणि त्यात त्यांचा काही दोषही नव्हता. त्यानंतर अकराव्या दिवशी, 6 जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेले. ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

‘कम्पॅशन’ या अल्बमकडे मी त्या वाटेचा पुढचा मोठा पल्ला म्हणून पाहतो. म्युनिकच्या ईसीएम कंपनीने तो फेब्रुवारी 2024 मध्ये प्रकाशित केला. त्यात बारा रचना असून बहुतेक अय्यर यांच्या आहेत. याच तिघांचा याआधीचा ‘अनईझी’ 2021 मध्ये आला होता. अय्यर यांचा जन्म अमेरिकेत तमिळ कुटुंबात झाला. त्यांनी लहानपणापासून पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकले, मात्र पियानो बव्हंशी स्वतःच्या कानाने आत्मसात केला. भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी संगीत शरीराला आणि मेंदूला कसे उमगते, या विषयावर बर्कली येथे डॉक्टरेट मिळवली, आणि 2014 पासून ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक आहेत. लिंडा ओ यांचा जन्म मलेशियातला, त्या वाढल्या ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात. सोरी ड्रम्सइतकेच संगीतरचनाकार म्हणून ओळखले जातात आणि हा अल्बम आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांना एका वेगळ्या रचनेसाठी 2024 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ड्रमवादक स्वतः इतक्या ताकदीचा रचनाकार असेल, तर ट्रिओचा तोल कोणीकडे झुकेल याची कल्पना करता येईल.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. अशा ट्रिओत उघड ठेका पुष्कळदा कोणाच्याच हातात नसतो. तो तिघांच्या मनात चालू असतो आणि प्रत्येक जण त्याच्याशी असलेले आपले नाते तेवढे वाजवतो. पियानो मात्रेच्या तिप्पट बारीक विभागणीत वाक्य बांधत असेल, बास दोन मात्रांमध्ये तीन स्वर ठेवत असेल, आणि ड्रमवादक मूळ लय एखाद्या झांजेच्या कडेवर इतकी हलकी ठेवत असेल की ती शोधावी लागावी. तबला शिकणाऱ्याला आड (मूळ लयीची दीडपट), कुआड अशा तिरक्या लयींची सवय असते. पण येथे एक मोठा फरक आहे, आणि तो लक्षात न आल्यामुळे आपल्याकडील चांगले कानही गडबडतात. आपण आडीत गेलो तरी मूळ लय जागच्या जागी उभी असते आणि तिहाई (एकच बोलसमूह तीनदा वाजवून समेवर येणे) संपवून आपण तिच्याकडेच परततो. येथे मात्र एकाने आडीत सुरू केलेली मात्रा दुसरा उचलतो आणि तीच नवी मूळ लय मानून पुढे निघतो. घराचा पत्ताच बदलतो. काही आवर्तनांनी कधी जुन्या लयीत परत येतात, कधी येतही नाहीत. आणि हे करताना एकमेकांकडे पाहून मान डोलावायची सोय असली, तरी ध्वनिमुद्रणात ती तुम्हाला दिसत नाही. त्यामुळे बदल घडून गेल्यावरच तुम्हाला कळतो.

आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लबच्या बैठकीत सम आली की पुढच्या रांगेतल्या माना एकदम हलतात, कारण सम कोठे आहे याबद्दल गायक, तबलजी आणि श्रोते यांचे एकमत असते. अय्यर यांच्या ट्रिओत अशी सर्वांनी मिळून गाठायची जागा फार क्वचित येते. जेव्हा येते, तेव्हा ती आधी जाहीर केलेली नसते. म्हणून धाडस हे वेगात किंवा कर्कश स्वरसंगतीत (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीत) शोधू नका. तिघांपैकी कोणीही हात सोडला तर सगळे कोसळेल, अशा स्थितीत ते किती वेळ राहू शकतात, तेथे ते आहे.

अय्यर यांच्या संगीतात हिशेबही पक्का असतो. 2009 च्या ‘हिस्टॉरिसिटी’ या अल्बममध्ये, तेव्हा स्टीफन क्रम्प बासवर आणि मार्कस गिलमोर ड्रम्सवर असताना, त्यांनी एका जुन्या रचनेतील स्वरसंगती 3, 5, 8 अशा फिबोनाची क्रमाच्या (ज्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते) प्रमाणात मांडल्या होत्या. तुम्ही तबलावादक आहात म्हणून हे सांगितले. ऐकताना बोटे मोजत बसू नये. मोजायला लागलात की तुम्ही एकाच वादकाबरोबर राहता आणि बाकीचे दोघे निसटतात.

अल्बममधील काही रचनांविषयी थोडे खोलात जाऊ. ‘ओव्हरजॉइड’ हे अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर यांचे 1985 चे गाणे आहे, आणि तुमच्यासारख्या श्रोत्याने तेथून सुरुवात करावी. मूळ चाल आधी दोन-चार वेळा ऐकून पाठ करा. मग ट्रिओची आवृत्ती लावा आणि पियानोकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त बासच्या मागे जा. चाल ओळखीची असल्यामुळे ती तुमच्या मनात आपोआप चालू राहील, आणि लिंडा ओ त्या चालीखाली अपेक्षित स्वर कोठे देतात, कोठे तो मुद्दाम थांबवून ठेवतात आणि कोठे त्याऐवजी त्याचा शेजारी देऊन चालीचा रंग बदलतात, हे दिसू लागेल. बासवादकाची निवड चुकली तर पियानोवादकाचे सुंदर वाक्यही भलत्याच अर्थाचे होते; ते तसे होत नाही, याचे श्रेय समीक्षणांत पियानोला जाते. वाजवणाऱ्या माणसाला हे थोडे खटकते.

‘नोना’ ही रचना रॉस्को मिचेल यांची. तिचा इतिहास तुमच्या प्रश्नाला फार जवळचा आहे. 1976 मध्ये स्वित्झर्लंडमधील विलिसाऊ महोत्सवात मिचेल एकटेच सॅक्सोफोन घेऊन दुसऱ्या कलावंताच्या जागी रंगमंचावर आले होते. श्रोते नाराज होते. मिचेल यांनी एकच तुटक, अणकुचीदार वाक्य वाजवले आणि तेच पुन्हा, आणि पुन्हा, श्रोत्यांच्या ओरड्याला न जुमानता वाजवत राहिले. ती मैफल ध्वनिमुद्रित झाली आणि पुढे त्या संगीताचा मानदंड मानली गेली. अय्यर यांच्या ट्रिओने ती रचना घेतली, तेव्हा एकट्याचा हट्ट तिघांमध्ये वाटला गेला. हा तुकडा तुम्हाला आवडेलच असे नाही, पण तिहाईची शिस्त माहीत असलेल्या माणसाला त्यातील पुनरावृत्तीचा ताण नक्की जाणवेल.

काही रचनांमागे माणसे आहेत. ‘आर्च’ ही दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या स्मरणार्थ आहे. ‘इट गोज’ ज्या कवितेच्या साथीसाठी प्रथम लिहिली गेली, ती 1955 मध्ये मिसिसिपीत वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिल याला आज हयात असलेला म्हातारा माणूस म्हणून पाहते. ही माहिती समीक्षणांतून मिळते आणि ती उपयोगाची आहे. पण ती वाचल्यानंतर संगीतात जे नाही तेही ऐकू येऊ लागते, म्हणून माझा आग्रह असा की आधी ऐकावे आणि मग वाचावे.

येथे समीक्षकांबद्दल बोलायला हवे. जॅझ समीक्षेची दुनिया फार मोठी नाही. 1934 मध्ये शिकागोत सुरू झालेले ‘डाउनबीट’ मासिक अल्बमना ताऱ्यांमध्ये गुण देते आणि दरवर्षी समीक्षकांचे मतदान घेते. 2012 च्या मतदानात अय्यर यांना एकाच वर्षी पाच विभागांत पहिले स्थान मिळाले होते. समीक्षक फ्रान्सिस डेव्हिस यांनी 2006 मध्ये सुरू केलेले वार्षिक समीक्षक-मतदान वेगळे आहे. अलीकडे त्यात शंभराहून अधिक समीक्षक आपापल्या याद्या देतात. अशा मतदानात जे नाव पूर्वीपासून परिचित आहे, त्याचा अल्बम अधिक जणांनी ऐकलेला असतो, आणि ऐकलेलाच अल्बम यादीत येऊ शकतो. यात कोणाची लबाडी नाही, पण मान्यतेला मान्यता चिकटत जाते, हे खरे. एखाद्या अनोळखी ट्रिओने तितक्याच तोलाचा अल्बम काढला, तर त्याला या याद्यांत शिरायला बरीच वर्षे लागू शकतात.

शिवाय स्तुतीचे शब्द झिजलेले असतात. ‘तिघांमधील संवाद’, ‘जणू एकमेकांचे मन वाचतात’, ‘सीमा ओलांडणारे’ ही वाक्ये कोणत्याही ट्रिओच्या कोणत्याही अल्बमला लावता येतात, आणि लावली जातातही. समीक्षण वाचताना मी विशेषणे सोडून क्रियापदे पाहतो. कोणत्या रचनेत कोण थांबले, कोणी कोणाचे वाक्य उचलले, लय कोठे बदलली, हे ज्याने लिहिले आहे त्याने अल्बम ऐकला आहे असे धरून चालावे. बाकीच्यांनी तो ऐकला नाही असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडून मला ऐकायला मदत होत नाही, एवढेच.

समीक्षकांचे चुकणेही दोन्ही बाजूंनी होते. पियानोवादक अहमद जमाल यांच्या ट्रिओने जानेवारी 1958 मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात ध्वनिमुद्रित केलेला अल्बम विक्रीच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे टिकला, तेव्हा अनेक समीक्षकांनी त्यांना हॉटेलात पेयपानाच्या वेळी वाजवणारे म्हणून हिणवले. त्याच वेळी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस मात्र जमाल यांच्या मोकळ्या जागा सोडण्याच्या कलेवर उघडपणे लुब्ध होते. 1961 च्या नोव्हेंबरात ‘डाउनबीट’मध्ये समीक्षक जॉन टायनन यांनी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला जॅझविरोधी ठरवले, आणि पुढच्या वर्षी त्याच मासिकाला त्या दोघांचे उत्तर छापावे लागले. योगायोग असा की आपल्याकडे संगीतसमीक्षक वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तकही 1961 मध्येच आले. त्यांनी स्वर आणि लय ही दोन टोके मानून घराण्यांची मांडणी केली आणि समतोलाच्या मधल्या जागेवर जयपूर घराण्याला बसवले. ते स्वतः त्याच घराण्याची तालीम घेतलेले होते. शाहू महाराजांच्या आश्रयाने जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ ज्या कोल्हापुरात राहिले, तेथल्या मला ती मांडणी साहजिकच गोड वाटते. किराणा घराण्याच्या माणसाला ती तितकी गोड का वाटत नाही, हेही समजते. कोणताही समीक्षक कोठे तरी बसूनच ऐकतो. त्याची बैठक कोणती आहे हे कळले, की त्याच्या मताचे वजन करता येते.

तेव्हा ‘कम्पॅशन’ची स्तुती खरी मानावी का? माझ्या मते बव्हंशी मानावी, एका तक्रारीसह. ‘टेम्पेस्ट’सारख्या वादळी रचनेत अय्यर यांचा डावा हात खर्जात इतका भरगच्च होतो, की चांगल्या यंत्रावरही मला बास शोधावा लागतो. तीन समान आवाजांचा ट्रिओ म्हणून ज्याची कीर्ती आहे, त्यात असे क्षण पुन्हा जुन्या पियानोप्रधान रीतीकडे घसरतात. बारा रचनाही मला जास्त वाटतात. दोन-तीन कमी केल्या असत्या, तर उरलेल्यांना श्वास मिळाला असता. याउलट ‘प्रील्यूड : ओरिझन’ या शांत तुकड्याकडे समीक्षकांनी जेवढे लक्ष द्यावे तेवढे दिलेले माझ्या वाचनात आले नाही. जलद लयीत तिघे एकत्र राहणे अवघड खरे, पण त्याहून अवघड म्हणजे संथ लयीत पुढचा स्वर लवकर न देणे. विलंबित झुमरा ताल वाजवताना हात किती शिवशिवतात हे तुम्हाला ठाऊकच असेल.

जयपूर गायकी ऐकून तयार झालेल्या कानाला या संगीतात शिरायला वाट आहे, पण ती वाट राग शोधण्याची नाही. स्वरसंगती बदलत असताना षड्ज स्थिर नसतो, त्यामुळे ‘हा कोणता राग’ या प्रश्नाने वेळ फुकट जातो. ‘आ’कारात लयीच्या अंगाने पुढे सरकणारी, श्वासाला उसंत न देणारी पेचदार तान कशी ऐकायची हे आपल्याला कळते; तीच एकाग्रता येथे एका गळ्याऐवजी तीन वाद्यांवर पसरायची आहे. आणि तबल्याच्या विद्यार्थ्याने सोरी यांच्याकडून बोल शिकण्याचा प्रयत्न करू नये. त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे ते कोठे वाजवायचे नाही हे ठरवणे.

शेवटी करून पाहण्याजोगी एक गोष्ट सांगतो. ‘ड्रमर्स साँग’ ही 2017 मध्ये निवर्तलेल्या पियानोवादक जेरी ॲलन यांची रचना या तिघांनी दोनदा मुद्रित केली आहे : ‘अनईझी’मध्ये स्वतंत्रपणे, आणि ‘कम्पॅशन’च्या शेवटी जॉन स्टबलफील्ड यांच्या ‘फ्री स्पिरिट्स’ला जोडून. पहिले ध्वनिमुद्रण डिसेंबर 2019 चे, दुसरे मे 2022 चे. दोन्ही पाठोपाठ लावा, पहिल्या फेरीत फक्त बास ऐका आणि दुसऱ्या फेरीत फक्त झांजा. मूळ आकृती कोणी धरली आहे आणि ती कोणत्या क्षणी दुसऱ्याकडे जाते, एवढेच वहीत टिपून ठेवा. दोन्ही आवृत्त्यांतले हे क्षण वेगवेगळे निघाले, तर समीक्षक कशाबद्दल लिहीत होते ते तुमच्या हाती आले. काहीच फरक जाणवला नाही, तर अल्बम काही महिने बाजूला ठेवा आणि तोवर अहमद जमाल यांचे 1958 चे ध्वनिमुद्रण ऐका. तेथे व्हर्नेल फूर्निए यांच्या ड्रम्समधील लय इतकी स्वच्छ आहे, की तिच्यावर हात ठेवून तबला वाजवता येईल.